सत्तावीस दोषांचे घर

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, राज्यांच्या सीमा कागदावर नव्हे तर नद्यांनी आणि डोंगरांनी आखलेल्या असत, त्या काळी काळ्या दगडाच्या एका प्रदेशात एक गवंडी राहत असे. राहत असे, असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. कारण त्याला राहायला घरच नव्हते.

इतरांसाठी मात्र त्याने साठ घरे बांधली होती. त्याचा हात असा, की दोन दगडांच्या सांध्यात गवताची काडी शिरू नये. त्याच्या कमरेला सदैव ओळंबा लटकलेला असे. दोरीच्या टोकाला शिशाचा लहानसा गोळा, एवढेच ते साधन. पण ते भिंतीशेजारी सोडले की भिंत सरळ आहे की झुकली आहे, हे क्षणात कळे. गवंडी म्हणे, "माणूस खोटे बोलेल, ओळंबा बोलणार नाही."

त्या प्रदेशातील गवंड्यांचा एक दंडक होता. गवंड्याने स्वतःसाठी घर बांधायचे नाही. कारण विचारले, तर म्हातारे गवंडी हसून सांगत, "बांधायला घेईल हो, पण पुरे कधी करणार नाही!" स्वतःचे काम कारागिराच्या मनास कधीच येत नाही, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. म्हणून ज्याला घर हवे असेल, त्याने ते दुसऱ्याकडून विकत घ्यावे. तोवर जिथे काम चालू असेल तिथे, पायाशेजारी, गवताचे खोपट घालून राहावे. घर पुरे झाले, वास्तुशांत झाली, की गोडाचे जेवण जेवावे, त्याच दिवशी खोपट मोडावे आणि पुढच्या गावाची वाट धरावी.

अशी साठ खोपटे गवंड्याच्या बायकोने उभी केली होती आणि साठ मोडली होती.

साठावे खोपट मोडताना ती दोऱ्या सोडवायला खाली बसली, ती उठेना. दोघी शेजारणींनी तिला धरून उभी केली. गावचा वैद्य आला. त्याने तिचे गुडघे दाबून पाहिले आणि तो गवंड्याला म्हणाला, "ओल हाडात शिरली आहे. आणखी एक हिवाळा ही बाई ओल्या जमिनीवर निजली, तर पुन्हा स्वतःच्या पायांवर उभी राहायची नाही."

भाद्रपद संपत आला होता. थंडीला दोन महिने उरले होते.

वैद्य गेल्यावर बायको नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला मोठे घर नको. चार भिंती आणि कोरडी जमीन, एवढे पुरे. एका दाराशी बसून म्हातारी होईन म्हणते."

"घेऊ," गवंडी म्हणाला. "पण घेऊ ते निर्दोष घेऊ. साठ घरे बांधणाऱ्याने वाकड्या भिंतीत राहावे, हे बरे दिसेल का?"

बायकोने घोंगडी गुंडाळली.

मग घरांचा शोध सुरू झाला. ज्या गावात एखादे घर विकायचे आहे असे कळे, तिथे गवंडी ओळंबा घेऊन हजर होई. एका घराचे जोते त्याला दोन बोटे बुटके वाटले. एकाच्या तुळईला गाठ होती. एका घराचे दार तिळाएवढे तिरके होते. त्या घराचा मालक शेवटी वैतागला.

"गवंडीबुवा," तो म्हणाला, "तुम्ही घर घेताय की सून पाहताय?"

"सून एक वेळ सुधारते," गवंडी म्हणाला, "भिंत सुधारत नाही."

एका गावी तर विकायला निघालेले घर त्याच्याच हातचे निघाले. वीस वर्षांपूर्वी त्याने ते बांधले होते. बायकोचा चेहरा उजळला. "आता तरी हो म्हणाल!" ती म्हणाली. पण गवंड्याने ओळंबा लावला आणि कपाळाला आठी घातली. ओसरीच्या खांबाला पाळण्याच्या दोरीने घासून घासून खोल खाच पडली होती. उंबरठ्याची कड झिजली होती.

"हे माझे काम नव्हे," तो म्हणाला. "या लोकांनी नासवले."

"वीस वर्षे माणसे राहिली तिथे, अहो!"

"म्हणूनच नासले."

अशी सोळा घरे झाली. आश्विन गेला. पहाटेच्या वेळी तोंडातून वाफ निघू लागली. गवंड्याची बायको आता बैलगाडीतून उतरताना दोन्ही हातांनी चाक धरी, आणि उतरल्यावर दात आवळून क्षणभर तशीच उभी राही.

कार्तिकात ती दोघे डोंगराच्या पायथ्याच्या एका गावी पोहोचली. तिथे एका वृद्धेला आपले घर विकायचे होते. विहिरीचे पाणी ओढणे तिला आता झेपत नव्हते, म्हणून ती लेकीकडे राहायला निघाली होती. किमतीचा प्रश्न दोन वाक्यांत मिटला. गवंड्याने त्याच दिवशी सगळे घर तपासले, आणि त्याला त्यात तीन दोष सापडले. माजघराच्या दाराची चौकट एक बोटभर झुकली होती. छपराचा एक वासा मधोमध वाकला होता. न्हाणीच्या फरशीचा उतार उलट्या बाजूला होता.

या खेपेस मात्र तो काहीच बोलला नाही. याचे कारण त्या गावची एक चाल होती.

त्या गावी घर नुसत्या किमतीवर विकले जात नसे. ठरलेल्या दिवशी सूर्योदयाला विकणाऱ्याने पाच वडीलधाऱ्यांसमोर उंबरठ्यावर उभे राहावे आणि आपल्या घराचे सगळे दोष सांगावे. सांगताना त्याने घराकडे पाठ करावी. कारण कोणाच्याही तोंडावर त्याची उणी काढणे शोभत नाही. एकही दोष लपवला तर व्यवहार मोडला. मग घेणाऱ्याने त्याच उंबरठ्यावर उभे राहून स्वतःचे दोष सांगावे. त्याने मात्र घराकडे तोंड करावे. घेणाऱ्याचे म्हणणे खरे की खोटे, ते त्याच्या घरच्या माणसाने सांगायचे. सूर्य मावळेपर्यंत खरे निघाले नाही, तर घर मिळायचे नाही.

"विचित्र चाल आहे," बायको म्हणाली.

"चांगली चाल आहे," गवंडी मिशीत हसून म्हणाला. "म्हातारीला मी काढलेले तीन दोष सापडायचे नाहीत. पाहू या, किती खरी आहे ती."

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला पाच वडीलधारी मंडळी अंगणात येऊन बसली. वृद्धा हळूहळू उंबरठ्यावर आली. तिने घराकडे पाठ केली आणि डोळे मिटले.

"माजघराच्या दाराची चौकट एक बोटभर उजवीकडे झुकली आहे," ती म्हणाली. "माझे सासरे सात वर्षे अंथरुणाला खिळले होते. उठताना ते ती चौकट धरत. ते गेले, चौकट तशीच राहिली."

गवंडी चपापला.

"छपराचा तिसरा वासा वाकला आहे. एका वर्षी गारा पडल्या, तेव्हा शेजारच्यांचे धान्य आम्ही त्या वाशाला टांगलेल्या माळ्यावर ठेवून घेतले. चार महिने होते. न्हाणीचा उतार उलटा आहे. तो आमच्या थोरल्या दिराने घातला. त्यांना कळत नव्हते, पण त्यांची फार हौस होती, म्हणून कोणी बोलले नाही."

गवंड्याने काढलेले तिन्ही दोष संपले होते. वृद्धेचे संपले नव्हते.

तिने सांगितले की पश्चिमेचा वारा सुटला की चुलीचा धूर परत घरात येतो, तेवढे आठ दिवस चूल अंगणात मांडावी. परसाच्या भिंतीत मुंग्यांचे वारूळ आहे. "मी लग्न होऊन आले त्याआधीपासून आहे. दोनदा बुजवले, दोनदा त्यांनी उकरले. तिसऱ्यांदा मी माघार घेतली." कोठीच्या खोलीतली एक फरशी थंडीत करकरते, पाहुण्याला तिथे निजवल्यास आधी सांगावे. या घरात मोठ्याने रडलेले तीन घरांपलीकडे ऐकू जाते. मग ती म्हणाली, "त्यामुळे इथे फार वेळ एकट्याने रडता येत नाही. कोणी ना कोणी येतेच."

अंगणात कोणी हालत नव्हते. ऊन जोत्याच्या पहिल्या दगडावर चढले, मग दुसऱ्यावर. वृद्धेचे डोळे मिटलेलेच होते. ती जणू डाव्या हाताने भिंत चाचपत एकेका खोलीतून फिरत होती. आणि जिथे ती थांबे, तिथे वर्षानुवर्षे साठलेले काहीतरी हळूच उघडत जाई.

गवंड्याचे तोंड उघडे राहिले होते. आपल्याला दगड वाचता येतो, असा त्याचा समज होता. पण या बाईने कधी ओळंबा हातात धरला नव्हता, आणि तरी घराच्या कणाकणाची बातमी तिच्यापाशी होती. साठ घरांपैकी एकाही घराविषयी त्याला हे सांगता आले नसते.

"सत्तावीस," वृद्धा शेवटी म्हणाली आणि तिने डोळे उघडले. "एवढेच आहेत. विसरले असेन तर घराने क्षमा करावी."

ती उंबरठ्यावरून बाजूला झाली. पाचांतले सर्वांत वयोवृद्ध गृहस्थ गवंड्याला म्हणाले, "या दादा. आता तुमची पाळी."

गवंडी उंबरठ्यावर चढला. समोर शांत, सारवलेले माजघर होते. त्याने घसा साफ केला.

"मी फार काटेकोर आहे," तो म्हणाला. "मला खोटे काम खपत नाही."

"हा गुण झाला, दादा. दोष सांगा."

"मी कामात इतका बुडतो की जेवणाची शुद्ध राहत नाही."

"हासुद्धा गुणच. फार तर तुमच्या मंडळींना त्रास."

अंगणात खसखस पिकली. गवंड्याचे कान लाल झाले. "मग माझ्यात दोष नाही," तो म्हणाला. "साठ घरांत माझा एक दगड हललेला दाखवा!"

वृद्ध गृहस्थ गवंड्याच्या बायकोकडे वळले. "बाई, तुमचे यजमान म्हणतात, त्यांच्यात दोष नाही. हे खरे का? सावकाश सांगा. तुम्ही हो म्हटलेत, की घर तुमचे."

ती जोत्याच्या पायरीवर बसली होती. तिथून तिला आतली जमीन दिसत होती. कोरडी, उबदार, शेणाने नीट सारवलेली. तिने त्या जमिनीकडे फार वेळ पाहिले. तिचे हात गुडघ्यांवर होते.

"नाही," ती म्हणाली. "हे खरे नाही."

गवंडी गर्रकन वळला. "अगं, घर तुझ्यासाठीच घेतोय ना मी?"

"माझ्यासाठी घेताय, म्हणूनच सांगते. खोटे बोलून हा उंबरठा ओलांडला, तर पुढे रोज तोच ओलांडायचा आहे मला."

"मग तूच सांग माझा दोष!"

"मी सांगून चालायचे नाही. तो तुमचा तुम्हालाच दिसायला हवा."

वडीलधारी मंडळी उठली. "सूर्य मावळायला अवकाश आहे," ते वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले. "आम्ही तेव्हा पुन्हा येऊ."

ज्या माणसाने सोळा घरांची उणी एका नजरेत काढली, तो आता स्वतःचे एक उणे शोधत बसला. आणि ते त्याला सापडेना. तो चिडून घरात फिरू लागला. काही सुचेना, तेव्हा त्याने वृद्धेचे सत्तावीस दोष एकेक करून पाहायला घेतले. एखादा तरी खोटा निघेल, असे त्याला वाटले.

एकही खोटा नव्हता. मुंग्यांची रांग भिंतीतून निघून आपल्या कामाला चालली होती. फरशीवर पाय दिला, तर ती करकरली. गवंड्याने उंबरठ्यावर तळवा ठेवला. दगडाच्या मधोमध एक उथळ खळगा पडला होता. पावलांनी, केवळ पावलांनी घडवलेला, आणि इतका गुळगुळीत की त्याच्या कोणत्याही छिन्नीला तो साधला नसता. त्याला पाळण्याच्या दोरीची ती खाच आठवली. त्या घरात मुले झाली होती, वाढली होती, त्यांना झोके दिले गेले होते. आणि आपण म्हणालो, नासवले.

साठ वेळा त्याने शेवटचा दगड बसवला होता आणि त्याच दिवशी पाठ फिरवली होती. घर त्या दिवशी संपते, असे तो समजत आला होता. खरे तर ते त्या दिवशी सुरू होत होते. अख्खे आयुष्य तो सुरुवातीच्या दारातून परत गेला होता.

ऊन कलले. माजघरात त्याची बायको जमिनीवर बसली होती. आता तिला उठायचे होते. गवंडी तिच्यामागे, कोठीच्या अंधारात उभा होता. तिला तो दिसत नव्हता. तिने दोन वेळा प्रयत्न केला. मग काही विचार न करता तिने हात लांब केला, आणि तो दाराच्या चौकटीवर पडला. चौकट जिथे एक बोटभर झुकली होती, नेमकी तिथेच तिची मूठ बसली. तिने भार टाकला. जुने लाकूड हलले नाही. आणि ती उठून उभी राहिली. कोणाच्या मदतीवाचून, न कण्हता.

गवंडी निश्चल उभा राहिला. सरळ चौकटीवर ती मूठ अशी बसली नसती, हे त्याच्याइतके कोणाला कळणार? सात वर्षे एका आजारी माणसाने ते लाकूड ओढले होते, आणि आता ते एका परक्या बाईच्या हाताला आधार देत होते. या चौकटीला तो दोष म्हणाला होता. साठ खोपटांत गवताच्या कुडाला धरून ती कशी उठली असेल, हा विचार त्याला आज प्रथमच शिवला. त्याने तिला उठताना कधी पाहिलेच नव्हते. त्याची नजर नेहमी भिंतीवर असे.

सूर्य डोंगराला टेकला. पाचही जण अंगणात येऊन बसले. गवंडी पुन्हा उंबरठ्यावर चढला. त्याने पागोटे काढून काखेत धरले, आणि तो घराकडे तोंड करून बोलू लागला. आवाज इतका खाली आला होता की मंडळींना पुढे सरकावे लागले.

"मला सर्वांची उणी दिसतात, माझी दिसत नाहीत. हा एक दोष.

"दुसरा याहून वाईट आहे. सोळा घरे मी वाकडी म्हणून नाकारली नाहीत. माझ्या घरात कोणी उणे काढले, तर लोक मला हसतील, या भीतीने नाकारली. माझ्या नावाला ओरखडा पडू नये, म्हणून मी हिला ओल्या जमिनीवर निजवले. हिच्या हाडांत जी ओल शिरली, ती पावसाची नाही. माझ्या गर्वाची आहे."

मग त्याने माजघराच्या चौकटीकडे पाहिले आणि तो म्हणाला, "आणि तिसरा. ही इतकी वर्षे रोज कष्टाने उठत होती. मी एकदाही हात पुढे केला नाही. या चौकटीने केला."

वृद्ध गृहस्थांनी विचारले, "बाई, हे खरे का?"

बायकोने पदराने डोळे टिपले. "खरे आहे," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "घोरतात, ते सांगायचे राहिले."

"ते घराला आज रात्रीच कळेल," वृद्ध गृहस्थ म्हणाले, आणि सगळे अंगण हसले. गवंडीसुद्धा हसला. लोक आपल्याला हसत आहेत आणि त्याने काहीच बिघडत नाही, हे त्याला त्या दिवशी कळले.

व्यवहार पुरा झाला. वृद्धेने आपले गाठोडे उचलले आणि ती पायऱ्या उतरली. गवंडी तिच्या मागोमाग धावला. त्याने वाकून नमस्कार केला आणि विचारले, "मावशी, सांगायचे आणखी काही राहिले का?"

"दोष सगळे सांगून झाले, बाबा," ती म्हणाली. "गुण राहिले. पण गुण सांगायची आमच्यात चाल नाही. ते राहणाऱ्याचे राहणाऱ्याला सापडतात."

त्या वर्षी थंडी फार पडली. पहिल्याच आठवड्यात दोघांच्या ध्यानात आले, की परसाकडची भिंत दिवसभर ऊन पिते आणि पहाटेपर्यंत ऊब देत राहते. त्या भिंतीशी बायकोचे अंथरूण घातले. वैद्याने घातलेली भीती खोटी ठरली. फाल्गुनात ती स्वतः विहिरीवर गेली. गवंडी पुढेही दुसऱ्यांची घरे बांधायला जाई, पण एकटा जाई, आणि शेवटचा दगड बसवून झाला की नव्या घरमालकाला म्हणे, "माझे संपले, आता तुमचे सुरू होऊ द्या." मग तो झपाझप आपल्या गावची वाट धरी. दारात बायको बसलेली असे. तो आधी तिला हात देऊन उठवी आणि मगच उंबरठा ओलांडी.

घराच्या गुणांची मोजदाद मात्र त्याने कधी केली नाही. वर्षे सरत गेली, आणि ते सापडतच राहिले.

तात्पर्य: ज्याला स्वतःचे उणे दिसते, त्यालाच उणे असलेल्या घरात सुखाने राहता येते.